अठरावे कलम

रुग्णालयाच्या प्रसूती विभागात दाखल होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला पहिल्या दिवशी दोन वस्तू मिळत: एक हिरवी चादर आणि एक छापील यादी. चादर दर धुण्याला थोडी विटे. यादी मात्र अकरा वर्षांत रेघभरही बदलली नव्हती. गरोदरपणी काय टाळावे याची तीत सात कलमे होती. कच्चे वा अर्धवट शिजलेले अंडे आणि मांस, न तापवलेले दूध, समुद्रातले फार मोठे मासे, न धुतलेली फळे आणि भाज्या, शिळे अन्न, दोन कपांच्या वर चहा-कॉफी, आणि मद्य व तंबाखू. एवढेच. खाली आहारतज्ज्ञ बाईंची सही, तारीख आणि गोल शिक्का. बाईंचे खरे नाव हजेरीपटात होते, पण ते तिथून सहसा बाहेर पडत नसे. सारे रुग्णालय त्यांना यादीबाई म्हणे.

पेशंटबरोबर येणाऱ्या आया, सासवा आणि आत्या ही यादी उलटसुलट करून पाहत आणि निराश होत.

"एवढंच? आमच्याकडे तर आणखी बरंच पाळतात हो."

"पाळा की," यादीबाई म्हणत. "पण यादीत कलमं सातच. आठवं कलम सासूचं, नववं शेजारणीचं आणि दहावं भीतीचं. ती माझ्या सहीखाली येत नाहीत."

वॉर्डात हशा पिके. सासवासुद्धा तोंडाला पदर लावून हसत, कारण प्रत्येकीला तो टोला दुसऱ्या सासूला आहे असे वाटे.

एकोणचाळिसाव्या वर्षी यादीबाईंना स्वतःलाच दिवस गेले. त्याआधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा टिकले नव्हते. एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा चौथ्यात. पहिल्या वेळी आदल्या संध्याकाळी त्यांनी एक उकडलेले अंडे खाल्ले होते. दुसऱ्या वेळी त्याच सकाळी एक केळे. या दोन गोष्टींचा झाल्या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता, हे सप्रमाण सिद्ध करू शकेल अशी त्या इमारतीत जी कोणी माणसे होती, त्यांत त्यांचा क्रमांक पहिला लागला असता. तरीही टेबलाच्या खणातल्या काळ्या वहीत त्यांनी स्वतःपुरते आठवे कलम लिहिले: अंडे, कसेही शिजवलेले, नको. नववे: केळे नको. भीतीच्या हाती एकदा लेखणी आली की ती शाईची काटकसर करीत नाही. संध्याकाळनंतर दूध नको, शेंगदाणे नकोत, मासे, अगदी बोटाएवढेसुद्धा, नकोत, मीठ वरून तर नकोच, आतूनही जमेल तितके कमी. चौथा महिना सरत आला तेव्हा कलमे सतरा झाली होती. शिवाय यादीबाहेरचा एक नियम होता, की जिना चढायचा नाही. आणि मध्येच अडकणाऱ्या लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. प्रसूती विभाग दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे त्यांची रोजची फेरी बंद पडली, आणि बाई तळमजल्यावरच्या खोलीतून केवळ कागदांवर वॉर्ड चालवू लागल्या.

त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करीत. जेवताना ते शांतपणे बायकोच्या ताटाचे निरीक्षण करीत आणि एक दिवस बोललेच.

"अगं, घड्याळ बरोबर चाललंय ना, हे बघायला दर तासाला मागचं झाकण उघडलं, तर चांगलं घड्याळही बंद पडतं."

"मी घड्याळ आहे का?"

"नाही. घड्याळाला भूक लागत नाही. तुला लागते, आणि मग तू माझ्या ताटाकडे बघतेस."

"मी बघत नव्हते."

"बरं, मग अंडं तुझ्याकडे बघत होतं."

बाई हसल्या नाहीत. "उद्या काही झालं, तर माझ्याकडून काही राहिलं नव्हतं, असं मला म्हणता आलं पाहिजे."

"कुणाला म्हणायचंय?"

बाई ताटातला भात बोटाने निवडत राहिल्या. यजमानांनी विषय तिथेच सोडला आणि अंडे मात्र, चूक कळलेल्या माणसासारखे, पाठ फिरवून खाल्ले.

आता स्वयंपाकघराकडे वळले पाहिजे. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात दोन आचारणी होत्या. थोरलीला सगळे मावशी म्हणत. ती त्या दिवसांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होती. दुसरीला धाकटी म्हणत. ती चोवीस वर्षांची होती, तिला तीन वर्षांची एक मुलगी होती, आणि दोनशे माणसांचा स्वयंपाक ती असा करी की जणू दोघांचाच आहे आणि तोही गंमत म्हणून. तिच्या हाताला चव होती. ऑपरेशन झालेले रुग्ण घरचा डबा परत पाठवून तिचे सूप मागत.

एका सकाळी यादीबाई दिवसाच्या जेवणाची चिठ्ठी द्यायला गेल्या, तेव्हा धाकटी शेगडीशी उभी राहून गरम अंडे या हातातून त्या हातात उडवीत सोलत होती.

"ताई, घोळ झालाय."

"काय करपवलंस?"

"करपलं नाही, शिजतंय." तिने कोपराने स्वतःच्या पोटाकडे खूण केली. "दुसरं. चौथा महिना म्हणे, सरतच आलाय. काल कळलं."

"काल? चौथ्या महिन्यात?"

"उलटी नाही, चक्कर नाही, काही नाही, कसं कळणार? मला वाटलं नुसती भूक वाढलीय. परवापर्यंत बटाट्याचं पोतं उचलत होते मी!" आणि तिने अंड्यावर चिमूटभर मीठ टाकून ते दोन घासांत संपवले, बोटे चाटली, आणि हसली.

बाईंनी तारखा विचारल्या. दोघींमध्ये चार दिवसांचे अंतर निघाले. बाई चार दिवसांनी पुढे होत्या.

मत्सर आपल्याजवळ नसलेल्या वस्तूचा वाटतो असा एक समज आहे, आणि तो चुकीचा आहे. यादीबाईंजवळ तीच वस्तू होती, चार दिवसांनी जुनी. त्यांना हेवा वाटला तो वस्तूचा नव्हे, ती हातात किती सैल धरली आहे याचा. एकीने ओंजळीत पाणी न्यावे, श्वास रोखून, पाऊल मोजून. आणि शेजारून दुसरीने भरलेली घागर डोक्यावर घेऊन गाणे म्हणत जावे, तसे ते होते. घागर सांडावी असे पहिलीला वाटत नाही. गाणे थांबावे, एवढेच वाटते.

दिवसेंदिवस ते गाणे वाढत गेले. धाकटीची सगळे थट्टा करीत. नर्सा येता-जाता तिच्या पोटाला हात लावून "काय गं, आज काय खाल्लंस, आख्खं पातेलं?" असे विचारीत, आणि ती "पातेलं धुवायला ठेवलंय, झाकण खाल्लं" असे उत्तर देई. यादीबाईंची थट्टा कोणी करीत नसे. त्यांना सगळे जपत. त्या आल्या की खुर्ची पुढे होई, आवाज खाली येत, आणि त्या गेल्यावर कोणीतरी हळूच "या वेळी तरी" म्हणे. हे "या वेळी तरी" भिंतीतूनही ऐकू येते. आपल्या पोटाची कोणीतरी थट्टा करावी, यासाठी बाईंनी त्या काळात काय वाटेल ते दिले असते.

पण सर्वांत अधिक त्यांच्या डोळ्यांत खुपे ती एक लहानशी गोष्ट. सूप होत आले की धाकटी पळीच्या टोकाने त्याचा एक थेंब आपल्या डाव्या तळहातावर सोडी, तो जिभेने टिपून घेई, आणि एका श्वासापुरते डोळे मिटे. त्या एका श्वासात तिला साऱ्या जगात काही कमी नसे. असलेच तर मीठ. यादीबाईंना चार महिन्यांत कशाचीही चव आली नव्हती. त्या जेवत नव्हत्या; त्या केवळ तपासून आत सोडीत होत्या. तो मिटलेल्या डोळ्यांचा एक श्वास त्यांना पाहवेना.

आणि अशात एका सोमवारी धाकटी ओले हात पुसत त्यांच्या खोलीत आली.

"ताई, मला पण यादी द्या."

"वॉर्डात छापील आहेत. घे त्यातली एक."

"ती पाठ आहे मला. ती वॉर्डाची. मला तुमची पाहिजे, तुम्ही पाळता ती." ती जरा घुटमळली. "पहिलीच्या वेळी मी काहीच पाळलं नव्हतं. निभावलं, नशीब. पण तुम्हाला बघते ना रोज, सफरचंदाची फोडसुद्धा उजेडात धरून बघता. मग माझी मलाच लाज वाटते. ते पोरगं म्हणेल, आईला माझी काही किंमतच नव्हती."

या ठिकाणी काय करायला हवे होते, ते यादीबाईंना पूर्ण ठाऊक होते. अज्ञानाची सवलत त्यांच्या वतीने कोणी मागू नये. "वेडी आहेस, सातच कलमं खरी, बाकी माझी भीती आहे," हे वाक्य त्यांच्या जिभेवर आले होते. अकरा वर्षे ते त्यांनी परक्या बायकांना फुकट वाटले होते. पण धाकटीच्या ओठाच्या कोपऱ्याला पिवळा बलक लागला होता.

त्यांनी खण उघडला, काळी वही काढली आणि कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात सतराच्या सतरा कलमे उतरवून काढली. अंडे नको. केळे नको. संध्याकाळचे दूध नको. शेंगदाणे, मासे, सगळे. अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आले. शेवटी क्षणभर थांबून त्यांनी अठरावे कलम लिहिले, जे वहीत नव्हते: *स्वयंपाक करताना चव घेऊ नये.*

"चवसुद्धा नाही?" धाकटीने खांद्यावरून वाचले. "मग मीठ कसं कळणार?"

"अंदाजाने. इतकी वर्षं करतेस ना?"

"आणि उकळत्या सूपाने काय होतं?"

"पाळायचं तर पूर्ण पाळायचं. नाहीतर विचारू नकोस."

"नाही, नाही. पाळते ना." तिने कागद दोन्ही हातांनी घेतला. आणि देण्याआधी बाईंनी, अकरा वर्षांच्या सवयीने, खाली सही केली, तारीख घातली आणि गोल शिक्का मारला. त्यांच्या हाताला सहीवाचून कागद सोडणे ठाऊकच नव्हते.

धाकटीने कागद विसरायला नको म्हणून आपल्या शेगडीवरच्या खिळ्याला अडकवला, आणि त्या दिवसापासून तो शब्दशः पाळला.

पहिली तक्रार बुधवारी आली. पुरुष वॉर्डातल्या एका शिक्षकाने कागदावर मुद्देसूद लिहून पाठवले होते की सोमवारचे सूप अळणी, मंगळवारचे खारट आणि आजचे दोन्ही, कारण वरचे अळणी व तळाचे खारट होते. गुरुवारी आणखी दोन आल्या. शनिवारी एक नर्स खोलीत डोकावून म्हणाली, "धाकटीच्या हाताला काय झालंय हो? चवच गेली तिची." यादीबाईंनी "दिवसांत होतं असं" असे सांगितले, तक्रारी नीट फाइलला लावल्या, आणि त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या लक्षात आले, की आपण कित्येक आठवड्यांनी काहीतरी गुणगुणत आहोत.

यजमानांनीही ते ऐकले. "आज स्वारी खुशीत? काही खाल्लंस की काय?"

"काही नाही खाल्लं."

हे खरे नव्हते. दुसऱ्याची चव खाऊन त्यांचे पोट भरले होते. पण तसले अन्न अंगी लागत नाही; दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच लागते, आणि थोडे जास्त.

दरम्यान गुरुवारी मावशी रजेवरून परतली होती. ऑपरेशनने तिला नवे डोळे मिळाले होते, आणि नव्या डोळ्यांनी ती दिसेल ते वाचत सुटली होती: तेलाच्या डब्यावरची तारीख, आग विझवण्याच्या नळकांड्यावरच्या सूचना, दारावरची पाटी. खिळ्यावरचा कागद तिने पहिल्याच तासाला मोठ्याने वाचून काढला.

"अगं पोरी, नवा हुकूम आलाय आणि तू सांगत नाहीस? अंडं बंद, केळं बंद, संध्याकाळचं दूध बंद. पोटुशा बायकांसाठीच दिसतंय. आणि तुम्ही वर तेच वाढताय अजून?"

"मला दिलीय ती ताईंनी."

"तुला एकटीला? शिक्का बघ की! एकटीला कोण शिक्का मारून देतं?"

धाकटीला हे पटले. आपल्यासारखीच्या एकटीच्या जेवणासाठी रुग्णालयाचा शिक्का उमटेल, हा विचार तिला स्वतःलाच अवाजवी वाटला. त्या दिवसापासून प्रसूती विभागाच्या ताटांतून अंडे गेले, केळे गेले, शेंगदाणे गेले, संध्याकाळचे दूध गेले. यादीबाईंच्या रोजच्या चिठ्ठीत ताटांची संख्या तेवढी असे, पदार्थ नसत. वॉर्डातल्या बायकांनी कुरकुर केली, पण हुकूम यादीबाईंचा आहे म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. सातच कलमांवर अडून बसणारी बाई ज्या अर्थी अंडे बंद करते, त्या अर्थी त्यात काहीतरी असणार. जिने पूर्वीसारखे रोज येऊन हे सारे पाच मिनिटांत निस्तरले असते, ती बाई जिना चढत नव्हती.

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे अंडे बंद झाल्याच्या नवव्या दिवशी, सकाळी दहा वाजता प्रसूती विभागाच्या डॉक्टरबाई वजनांचे रजिस्टर काखोटीला मारून यादीबाईंच्या खोलीत शिरल्या. त्यांच्या मागे मावशी, आणि मावशीच्या मागे, दाराला चिकटून, धाकटी. डॉक्टरबाईंच्या हातात खिळ्याचे भोक पडलेला कागद होता.

"आठ दिवस वॉर्डात अंडं नाही. संध्याकाळचं दूध नाही. वर रक्त कमी असलेल्या सहाजणी आहेत, त्यांना मी गोळ्या देतेय आणि स्वयंपाकघर त्यांच्या ताटातलं काढून घेतंय. कुणाची कल्पना ही?"

"बाईंचाच कागद आहे, मॅडम," मावशी म्हणाली. "माझं ऑपरेशन झालंय, आता मला स्वच्छ दिसतं. शिक्का आहे."

यादीबाईंनी कागद पाहिला. स्वतःच्या सुरेख अक्षराकडे माणसाने इतक्या तिरस्काराने क्वचितच पाहिले असेल. वरच्या सहाजणींचे चेहरे त्यांना ठाऊकही नव्हते.

"चूक माझी आहे," धाकटी दारातूनच म्हणाली. "ताईंनी ती मला एकटीला दिली होती. मी खिळ्याला लावली, आणि मावशींनी विचारलं तेव्हा नीट सांगितलं नाही. ताईंना काही बोलू नका, त्यांची तब्येत नाजूक आहे."

"असं आहे का?" डॉक्टरबाईंनी यादीबाईंना विचारले.

असेच होते. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. "हो" एवढे म्हटले की प्रकरण मिटणार होते: धाकटीला ताकीद मिळाली असती, आणि तिची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची असल्यामुळे ताकीद मिळालेल्या आचारणीचा करार पुढच्या वर्षी, बाळंतपणाच्या रजेचे निमित्त करून, कोणी वाढवला नसता. स्वयंपाकघरातून ते गाणे कायमचे गेले असते. बाईंच्या मनात हा हिशेब पुरा व्हायला एक क्षणही लागला नाही. मत्सर अशा कामात फार चपळ असतो. आणि वरून चेहरा स्वच्छ राहिला असता.

डॉक्टरबाई कागद वाचत होत्या. "पण हिला तरी अंडं का बंद केलंत? बघा, हिचं वजन दीड किलोने उतरलंय. चौथ्या-पाचव्यात वाढायला हवं."

"मी स्वतः हेच पाळते," यादीबाई म्हणाल्या. हेही खरेच होते.

"ते दिसतंय तुमच्याकडे बघून. तुमच्याशी नंतर बोलते. आणि हे अठरावं काय? 'चव घेऊ नये'? म्हणून बारा दिवस आम्ही अळणी खातोय होय! हेही पाळता तुम्ही?"

दारातून धाकटी त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत संशयाचा लवलेशही नव्हता. ताई आता कारण सांगतील आणि ते बरोबरच असेल, अशी ती नजर होती. तिच्या गालांची हाडे वर आली होती. बाईंना हवा होता तसाच तो चेहरा झाला होता: जपून खाणाऱ्या बाईचा. तो त्या रोज आरशात पाहत.

"नाही," यादीबाई म्हणाल्या. "ते मी पाळत नाही. ते माझ्या वहीत नाहीच."

"मग?"

"आधीची सतरा माझी आहेत. त्यातली दहा खोटी आहेत, हे मला माहीत आहे. मी भीतीने पाळते. ती हिला द्यायचं काहीच कारण नव्हतं. माझ्यासारखंच हिनेही रोज घाबरून जेवावं, असं वाटलं, म्हणून दिली. आणि अठरावं... ही सूप चाखताना डोळे मिटते. ते मला बघवत नव्हतं."

मावशी, जिला आता सगळे स्वच्छ दिसत होते, जमिनीकडे पाहू लागली. धाकटी वळून निघून गेली. तिच्या चपलांचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत ऐकू आला.

डॉक्टरबाईंनी कागद घडी करून रजिस्टरात ठेवला. मग हात पुढे केला. "शिक्का द्या."

बाईंनी शिक्का दिला.

"हे मला वर कळवावं लागेल. पुढे काय करायचं ते तेच ठरवतील. तोवर तुमच्या कागदावर माझी सही लागेल. आणि वर जाऊन बायकांना तुम्हीच सांगायचं, आत्ता. जिन्याने जा, लिफ्टने जा, तुमच्या पायांना काहीही झालेलं नाही. मीच तपासलंय तुम्हाला."

यादीबाई जिन्याने गेल्या. बेचाळीस पायऱ्या होत्या. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर पोटाकडे लक्ष देत त्या चढल्या, आणि वर पोहोचल्यावर काहीही झालेले नाही हे पाहून त्यांना सुटकेच्या आधी राग आला. वॉर्डात त्यांनी सांगितले की खिळ्यावरची यादी चुकीची होती, चूक त्यांची होती, आणि कलमे पूर्वीसारखी सातच आहेत.

खिडकीजवळच्या खाटेवरची बाई कोपरावर उठून बसली. "म्हणजे आज अंडं मिळणार?"

"मिळणार."

"दोन द्या म्हणावं. मागचं राहिलंय."

सगळ्या हसल्या. मग दुसरी म्हणाली, "बाई, तुमचं पोट दिसायला लागलं की! इतके दिवस खाली काय लपवून ठेवलं होतंत?" त्या पुन्हा हसल्या. ही थट्टा होती. ती मिळायला नको होती अशा दिवशी मिळाली. बाईंना ती घेताही येईना आणि टाकताही येईना. उतरताना मधल्या वळणावर त्या थांबल्या, उजव्या तळहाताने ओला चेहरा पुसला, पुन्हा पुसला, आणि मग खाली जाऊन आपल्या खोलीत न वळता सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

ओट्यावर मोठ्या परातीत उकडलेली अंडी निवत होती. मावशी ती सोलत होती आणि प्रत्येक अंड्यावर टरफलाचा कण राहिला आहे का, ते नव्या डोळ्यांनी तपासत होती. धाकटी शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. खिळा रिकामा होता.

"मी रोज स्वप्नात अंडी खायचे, माहितीय?" ती न वळता म्हणाली. "अंडी! आणि सकाळी उठून मनातल्या मनात तुमची माफी मागायचे. स्वप्नात खाल्लं म्हणून."

बाई दारातून ओट्यापर्यंत आल्या.

"माझं दीड किलो कोण भरून देणार?"

"कुणीच नाही. तुझं तुलाच खाऊन भरावं लागेल."

"ते मी भरीन. ते मला येतं." तिने पळी आपटली. "माफी मागायला आलात?"

"ती मागायला तोंड नाही मला."

"मग कशाला आलात?"

"भूक लागलीय," यादीबाई म्हणाल्या.

मावशीचा सोलता हात थांबला. धाकटी वळली आणि तिने बाईंकडे प्रथमच नीट पाहिले. पेशंटकडे पाहावे तसे नव्हे, दारात आलेल्या भुकेल्या माणसाकडे पाहावे तसे, किंचित त्रासून. मग ती पुन्हा शेगडीकडे वळली. सूप रटरटत होते. तिने पळीच्या टोकाने एक थेंब आपल्या डाव्या तळहातावर सोडला, टिपून घेतला, आणि बारा दिवसांनंतर प्रथमच डोळे मिटले. मुद्दाम, बाईंच्या देखत, एका श्वासाऐवजी दोन.

बाईंच्या छातीत ती जुनी कळ तशीच उठली, कबुलीने तिचा एक कणही झिजलेला नव्हता. त्यांना तो थेंब हवा होता. धाकटीचा काढून घ्यायला नव्हे, स्वतःला. त्यांनी उजवा तळहात पुढे धरला.

धाकटीने तो तसाच काही क्षण ताटकळत ठेवला. मग पळी कलली. थेंब गरम होता. बाईंनी तो जिभेने टिपला आणि विचार केला.

"काय कमी आहे?" धाकटीने विचारले.

"खारट झालंय."

मावशी फिसकन हसली. धाकटीने ओट्यावरच्या मिठाच्या बरणीकडे पाहिले. तिचे झाकणही उघडलेले नव्हते. मग तिने बाईंच्या लाल डोळ्यांकडे आणि ओल्या, चेहरा पुसलेल्या हाताकडे पाहिले, आणि तिच्या ओठांचा कोपरा, इच्छा नसताना, जरासा हलला.

"मीठ अजून घातलंच नाहीये, ताई. हात धुऊन या आधी. मग सांगा."

बाई नळापाशी गेल्या, साबण लावून मनगटापर्यंत हात धुतले, आणि परत येऊन तळहात पुन्हा पुढे धरला.